खोका

आडगाव नाक्यापुढच्या कोल्ड स्टोरेजात
बावीस हिवाळे मी खोके उचलले.
थॉमसन, सोनाका, काळी शरद.
एक खोका पाच किलोचा, एका खेपेला सहा,
कंटेनरच्या तोंडापर्यंत छत्तीस पावलं.
द्राक्षाला इजा होऊ नये
म्हणून खोक्यात कागद, कागदावर जाळी.
माझ्यात काय घातलं होतं
ते कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

गोळा आला कार्तिकात.
लिंबाएवढा, उजव्या जांघेत.
आडवा झालो की गायब,
काम सुरू झालं की हजर,
आमच्या मुकादमासारखा.
मी त्याला बोटाने आत सारायचो
आणि करदोडा घट्ट आवळायचो.
घरी सांगितलं, पाय मुरगळलाय.
त्या जागेला आपल्यात शब्द पुष्कळ,
पण सगळे शिव्यांच्या कामाला लागलेले.
उरलं काय?
'खाली.' 'तिकडं.' 'जरा असं.'

लिंबाचा पेरू झाला.
हौसा भाकरी थापता थापता म्हणाली,
मुरगळलेल्या पायाचा माणूस
खोकताना जांघ धरत नाही.

सिव्हिलची ओपीडी, खोली चौदा.
डॉक्टर बोरस्ते, माझ्या धाकटीच्या वयाची.
पडदा अर्धाच ओढलेला,
पलीकडे कुणीतरी केसपेपरसाठी भांडतंय.
तिने दोन बोटं ठेवली, नेमकी तिथं,
आणि म्हणाली, "खोका."

मी म्हटलं, "रोजचे सहाशे, बाई. सीझनला जास्त."

"नाही हो. खोकून दाखवा."

मला हसू फुटलं.
हसण्यानेच गोळा बाहेर आला, तपासणी संपली.
अंतर्गळ, ती म्हणाली.
केवढा सभ्य शब्द.
आत काहीतरी गळतंय एवढंच सांगतो,
कुठं ते विचारत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नियाझ वॉर्डबॉय
रेझर घेऊन आला.
सगळा वेळ गंगापूर धरणाबद्दल बोलत होता,
यंदा किती भरलं, कधी सोडतील,
नाशिकरोडला पाणी एकवेळ येतं की नाही.
हात मात्र कुठंच घसरला नाही.
त्याचं ते धरण
मी जन्मात विसरायचो नाही.

मग पाठीत सुई.
कमरेखालचा मी
हळूहळू दुसऱ्याचा झालो.
हिरव्या कापडापलीकडे कुणीतरी कात्री मागत होतं,
कुणीतरी लग्नाच्या हॉलचं भाडं सांगत होतं.
शुद्धीत होतो, म्हणून विचारलं, आत काय बसवलं?
"जाळी. तळहाताएवढी."
"द्राक्षाच्या खोक्यात घालतात तसली?"
"तसलीच समजा."

तीन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
नात साडेआठ किलोची.
ती हात वर करते,
मी भिंत धरून खाली बसतो.
शिंक येणार असं वाटलं की उशी पोटाशी धरतो
आणि देवाचं नाव घेतो,
जे एरवी घेत नाही.

परवा पगाराची चौकशी करायला गेलो.
माझ्या जागी नवा पोरगा,
कमरेतून वाकतो, गुडघ्यातून नाही.
सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
निवृत्ती आप्पा मला थप्प्यांच्या मागे घेऊन गेले.
शून्य अंश. दोघांच्या तोंडातून वाफ.
"कचरू, ते तुझं... म्हणजे... खाली जे..."
हात आधीच करदोड्यापाशी.

कधीपासून, ते मी विचारलं नाही.
पायजम्यावरूनच दोन बोटं ठेवली
आणि म्हटलं,
"खोका, आप्पा."

आप्पांनी वळून
वरच्या खोक्याला हात घातला.