कोरी जागा

चित्र घेऊन आला तेव्हा
तक इन-बेच्या खिशात मोजपट्टीही होती.
म्हणाला, "बाई, फ्लॅटचं छत बुटकं आहे.
वर डोंगर, खाली आजोबांनी काढलेला माणूस,
मधे हातभर नुसता कागद.
तेवढा कापा. कुणाला कळणार नाही."

सोक्चोत माझं दुकान मासळीबाजाराच्या मागे.
चाळीस वर्षं मी चित्रांना अस्तर लावते:
तुतीच्या सालीचा कागद, गव्हाची खळ,
रांजणात दहा वर्षं आंबवलेली,
जिच्या वासाने गिऱ्हाईक उंबऱ्यातच थांबतं.
चित्र कशाचं, हे मी विचारत नाही.
ओलं केलं की तेच बोलतं.

ओलं केलं.
पाइनच्या काजळीची शाई, तसूभर हलली नाही.
कड्याशी ब्रश कोरडा पडत गेलेला,
म्हाताऱ्याला तिथे दम लागला असणार.
खाली तिळाएवढा माणूस,
काठी टेकत, पाठमोरा.
आणि मधे काहीच नाही.

दिव्यासमोर धरलं. काहीच नाही.
बोट फिरवलं, तर कागद तिथे लवलेला, केसाळ.
नुसत्या पाण्याचा ब्रश
फिरला होता पुन्हा पुन्हा,
कुणी बाहेरून आलेली वाफ
काचेवरून पुसत राहावं तसा.

"डोंगर कुठला?" मी विचारलं, जन्मात पहिल्यांदा.
"पलीकडचा. हिवाळ्यात बोटीने आले होते.
आठवड्यात परत जाऊ म्हणाले होते."
त्याने मोजपट्टी उघडली. मिटली.

मी म्हटलं, कापते की.
कापलं म्हणजे डोंगर याच्या नाकाला लागेल,
दोन पावलांत पोचेल बिचारा.
ती काठी मग पुसून टाकू का?

तो हसला नाही.
एवढ्या वासात कुणी इतका वेळ उभं राहिलेलं
मला आठवत नाही.

महिन्याने फोन आला.
चित्र टांगलंय, भाताच्या कुकरच्या वर.
खालचा दीड हात दांडीवर गुंडाळलेलाच राहतो.
"माणूस आत आहे," म्हणाला.
"चुसॉकला सगळे जमतील, तेव्हा जिन्यात नेऊन
वरच्या मजल्यावरून पूर्ण सोडू.
तेवढा एक दिवस बघू दे त्याला."

वरची दांडी धरायला कोण, मी विचारलं.
"माझी मुलगी. उंच आहे ती, आजोबांसारखी."

फोनला माझी खळ लागली होती.
वाळेपर्यंत तशीच राहू दिली.