चाळीस लिटर

पाण्याचं दुकान आठवड्यातून पाच दिवस उघडं.
उरलेले दोन दिवस भांडी पुसून घ्यायची
आणि बाप्तिस्म्याचा विषय काढायचा नाही,
असं ग्युसांग म्हणतो.
पहिल्या हिवाळ्यात हसायचे मी या विनोदाला.

दोन चाकांचा गाडा, वर निळा कॅन.
चढावर तो ओढतो, मी मागून रेटते,
सोल्बी पुढे पळत जाऊन ओरडते, "नोखोई खोर!"
म्हणजे, कुत्रा धरा.
कुणाच्याही कुंपणाशी गेलं की इथे हेच म्हणतात,
कुत्रा असो नसो.
भाषेच्या वर्गात आम्हाला
'तुम्हांला शांती असो' शिकवलं होतं.

उणे बत्तीस. पापणीला पापणी चिकटते.
कोळशाचा धूर दरीत बसून राहतो,
पाहुण्यासारखा, उठायचं नाव नाही.

मंडळी अकरा जणांची.
त्यातले चार शेगडीसाठी येतात, आम्हाला ठाऊक आहे,
त्यांनाही ठाऊक आहे की आम्हाला ठाऊक आहे.
इथे पाणी म्हणजे ओस, केस म्हणजे उस,
आणि ग्युसांगचं तोंड नेमकं त्या दोहोंच्या मध्ये उघडतं.
नाताळच्या आधीच्या रविवारी, विहिरीपाशी बसलेल्या बाईची गोष्ट सांगताना
तो मोठ्या आवाजात म्हणाला,
"मी तुला जिवंत केस देईन,
ते जो पिईल त्याला पुन्हा तहान लागणार नाही."
म्हातारा दोर्लिग हसता हसता बाकावरून घसरला.
पुढच्या रविवारी भावाला घेऊन आला,
केसवाल्या पाळकाला ऐकायला.
तेव्हापासून बारा.

शेजारी त्सेरेनखांद.
रोज उजाडता ती अंगणात येते,
नऊ खळ्यांची लाकडी पळी दुधात बुडवून
चारी दिशांना शिंपडते.
त्याच वेळी मी खिडकीशी डोळे मिटून असते.
अर्धवट मिटून.
एकदा मी कांद्याची सालं शेगडीत टाकली
तेव्हा तिने चिमट्याने एकेक बाहेर काढलं,
बोलली नाही काही.
विस्तवात कचरा टाकत नाहीत
हे मला सोल्बीने सांगितलं, रात्री, माझ्याच भाषेत,
पण त्यांच्या सुरात.
दुसऱ्या दिवशी दारात वाळल्या शेणाचं पोतं होतं.

मग माघात,
इथे त्या महिन्याला काही वेगळंच म्हणतात,
सोल्बीला ताप चढला.
दवाखान्याची गाडी बर्फात अडकलेली.
मी माझ्याजवळ होती ती सगळी वचनं म्हटली,
मग स्तोत्रं, मग नुसतं "बापा, बापा",
मग तेही येईना.
पहाटे अंगणात पावलं वाजली.
त्सेरेनखांद आमच्या कुंपणाच्या आत उभी होती,
पळी घेऊन, आमच्या दाराकडे तोंड करून,
आणि शिंपडत होती.
दूध हवेतच गोठत होतं, दाणे पडल्याचा आवाज येत होता.
मी दार उघडलं नाही.
मी तिला थांबवलंही नाही.

नऊ वाजता गाडी आली, सुई टोचली, ताप उतरला.
कशाने, हे मला विचारू नका.

महिनाअखेरीस तेजोनच्या मंडळीला अहवाल.
घरभेटी : चौदा.
नवे विश्वासी : एक (होऊ घातलेला).
विशेष घटना, आणि पुढे एकच ओळ मोकळी.
ग्युसांगने पेन हातात धरलं, माझ्याकडे पाहिलं.
"जागा कमी आहे," मी म्हटलं.
त्याने लिहिलं : मुलगी आजारी होती, आता बरी आहे.
पूर्णविराम जरा जास्तच दाबून दिला.

आज पाण्याचं दुकान उघडं आहे.
कॅनच्या तळाशी रात्रीचा बर्फ, सोल्बी लाथ मारून फोडते.
"ओस, बाबा. ओ. तोंड गोल कर."
तो गोल करतो.
वाफ निघते, शब्द अजून निघत नाही.
पलीकडून त्सेरेनखांद हाक देते,
आम्ही दाराशी जायच्या आधीच,
"कुत्रा धरलाय! या!"
तिच्याकडे कुत्रा नाही.