वजा दोन रेघा

दस्तगीर शिकलगाराचा व्हर्नियर
मी मागून आणला तो बुधवार होता.
माझा होता की, पण त्याचे आकडे पुसलेले,
आणि पुण्याच्या पार्टीची बुशिंगं
संध्याकाळच्या टेम्पोत जायची होती.

उद्यमनगरात मागायचं म्हणजे
दारात उभं राहून आधी चहा झाला का विचारायचं,
मग काम कसं काय, मग पोराची दहावी,
आणि वस्तूचं नाव जाता जाता घ्यायचं,
जसं काही आत्ताच आठवलं.
त्याला कळतंच. लेथ बंद न करता
त्यानं डाव्या हातानं खण ओढला.
"घे की. पर पडू दिऊ नको, उस्तादांचा हाय."

लाकडी पेटी, आत हिरवी मखमल,
व्हर्नियरच्या आकारात झिजलेली.
त्यानं ती बाकावर ठेवली, मी उचलली.
हत्यार हातात द्यायचं नसतं, भांडणं होतात म्हणे.
व्हर्नियरला कसली आलीय धार,
पण आम्ही तेवढं पाळतो.

टॅप मोडला तर नवा आणून द्यावा,
मोडका खिशात घालून, दाखवू नये.
ॲलन कीच्या संचातली सहाची हरवली
तर बाकीच्या आठ परत करण्यात काय अर्थ आहे?
आणि मागून आणलेलं तिसऱ्याला देऊ नये,
तिसरा सख्खा मेहुणा असला तरी.

तातोबा पाडळकरनं माझा चौदा-पंधराचा पाना नेला
त्याला पाच वर्षं झाली.
आता त्या पान्याला त्याच्या ग्राइंडरचा निळा रंग आहे.
मी गेलो की तो त्यावर फडकं टाकतो.
मग आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलतो
आणि दोघंही फडक्याकडं बघत नाही.

पावणेपाचला तो पडला.
टूलपोस्टवरनं फरशीवर. आवाज केवढा,
ताटलीत चमचा पडावा एवढा,
शेजारच्या कॉम्प्रेसरनं तोही गिळला.
जबडे मिटून उजेडात धरले.
शून्य शून्यावर नव्हतं.
दोन रेघा पुढं.

बुशिंगं मी त्याच मापानं काढली,
दर वेळी मनात दोन रेघा वजा करत.
मग पुसला, तेलाचा हात फिरवला, पेटीत निजवला.
शेजारची वाटी आई कधी रिकामी पाठवायची नाही,
काही नसलं तर गुळाचा खडा.
मी पेटीबरोबर पाव किलो जिलेबी नेली.

आता वाटतं, जिलेबीनंच घात केला.
व्हर्नियर परत करताना जिलेबी कोण आणतं?

त्यानं पेटी उघडली, जबडे मिटले,
ट्यूबलाइटपुढं धरले, जरा जास्तच वेळ.
"झालं काम?"
"झालं."
"बरं."
जिलेबी मात्र त्यानं सगळ्या पोरांना वाटली,
मला पहिली.

त्यानंतर मी त्याच्याकडं काही मागितलं नाही.
सोमवार गेले, गणपती गेले,
साधा पंचसुद्धा मी लांब कोपऱ्यावरनं आणायचो.
मग एकदा बिलबुक द्यायला गेलो,
तर बाकावर पेटी उघडी,
आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं, लहान अक्षरात:
वजा दोन.
कुणामुळं, कधी, काही नाही.
तो शाफ्ट मोजत होता,
आणि माप वाचून झाल्यावर
त्याचे ओठ किंचित हलत होते.

दिवसाला चाळीस मापं तरी घेत असेल.
चाळीस वेळा तो मला वजा करतो
आणि जॉब बिनचूक काढतो.

काल गेलो. दारात उभा राहिलो.
चहा झाला का, म्हणालो.
काम कसं काय. पोराचं आयटीआय.
आणि जाता जाता, जसं काही आत्ताच आठवलं,
"दस्तगीर, तो व्हर्नियर. माझ्या हातनं पडलेला."

त्यानं लेथ बंद केला.
चक फिरत राहिला, हळू, आणखी हळू.
तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिकडंच बघत होतो.
"बस," तो म्हणाला,
"ह्या खेपंला जिलेबी मी सांगतो."