तिसरं चित्र

सावदा स्टेशनासमोर माझी टपरी,
तीन बाय चार, वर पत्रा,
दोरीला चिमट्यांनी टांगलेली तिकिटं.
दहाचं एक विकलं की मला ऐंशी पैसे.
ऐंशी पैशांत जबाबदारी किती बसते
हा हिशेब तोवर कुणी मागितला नव्हता.

सायबू तडवी वॅगन भरून आला.
केळीचा चीक कोपरापर्यंत, वाळून काळा.
म्हणाला, भंगाळे, तूच खरवड भो,
माझी बोटं कागदाला चिकटतात.

गल्ल्यातलं दोनचं नाणं घेतलं मी.
पहिल्या गोलात केळं.
दुसऱ्या गोलात केळं.
सायबूने श्वास कुठेतरी ठेवून दिला.
तिसऱ्यावरची राख मी जरा जोरानेच काढली
(मागे गिऱ्हाईक थांबलं होतं, गुटख्याची पुडी मागत),
खाली निघालं पिवळं, बाकदार,
दोन्ही टोकांना निमुळतं
काहीतरी.

तीन सारखी चित्रं, पंचवीस हजार.

"केयंच आहे," सायबू म्हणाला.
मी म्हणालो, बघू.
बघू म्हटलं तिथेच चुकलं माझं.

घोळका झाला.
ज्या गावात पोर चालायच्या आधी फण्या मोजतं
तिथे एका केळ्यावर एकमत होईना.
लीलाधर महाजन, चाळीस वर्षं घड तोलणारा,
तिकीट उन्हात धरून म्हणाला,
एवढा बाक कांदेबागेच्या मालाला येत नाही.
मृगबागेच्या येतो, दुसरा म्हणाला.
फेगडे मास्तर म्हणाले, ही तिजेची कोर आहे,
केळ्याला देठ असतो,
चंद्राला नसतो.

सगळे देठ शोधू लागले.
देठ असता त्या जागी
कागद पांढरा होता, थोडा उसवलेला.

झोपे घड्याळवाल्याने डोळ्यात भिंग अडकवलं
आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली :
चित्राविषयी शंका उपजल्यास संस्थेचा निर्णय अंतिम.
छापणारा, वाटणारा, विकणारा
दोषास बांधील नाही.
सायबूची जोहरा डबा घेऊन आली होती, ती म्हणाली,
मंग राह्यलं कोन? घेनाराच ना?
कोणी काही बोललं नाही.
डब्यातल्या कळण्याच्या भाकरीचा वास तेवढा आला.

जळगावचा एजंट म्हणाला, मी फक्त गठ्ठे पुढे सरकवतो.
त्याने दिलेल्या नंबरावर एक बाई हिंदीतून म्हणाली,
इस सीरीज़ में चाँद भी है.
मी विचारलं, मग दोन्ही एकाच साच्यात कशाला ओतले?
ती म्हणाली, और कोई सेवा?
सायबू माझ्या तोंडाकडे बघत होता,
जसं मीच आकाशात काहीतरी चुकीचं टांगलं होतं.

रात्री टपरी झाडली.
फळीवर राखाडी भुगा, दिवसभरातल्या सगळ्यांच्या नशिबाचा,
फुंकरीने उडणारा.
आणि त्या नाण्याच्या कडेला
एक ठिपका. हिरवट.
किंवा दिव्याच्या उजेडात मला तसा वाटला.
नखाने काढून बघितला असता
तर कळलं असतं.

मी नाही काढला.
सकाळी ते नाणं सुट्टे म्हणून
फैजपूरच्या एस.टी.त बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिलं,
गाडी सुटेपर्यंत बघत राहिलो.

सायबू अजून येतो.
शनिवारी, पगार झाला की.
रॉकेलने हात धुतलेले, लाल, वास मारणारे.
तिकीट स्वतः निवडतो, माझ्याकडे पाठ करतो,
नखाने खरवडतो, हळू,
पिलाच्या अंगावरची गोचीड काढावी तसं.
मी नाणं पुढे करतो.
तो घेत नाही.