नऊ तास उजेड

दोन फुटांची काचेची पेटी,
आणि तिच्यात, त्रिमूर्तीनगरात कुणी मागितला नव्हता,
तेवढा समुद्र.
मीठ पाकिटातलं. पाणी आरओचं.
लाट नाही; एक पंप आहे,
तो लाटेची नक्कल करतो,
कुंदा माझ्या आत्याची करते तशी.

सीताबर्डीच्या मोईनभाईनं विकताना सांगितलं,
"पांढरं समुद्रफूल आहे साहेब, लाखात एक."
मी पैसे मोजले.
पांढरं म्हणजे उपाशी,
हे नंतर कळलं.

त्याच्या बोटांत म्हणे राहतात
डोळ्यांना न दिसणारे तपकिरी भाडेकरू.
ते उजेड शिजवतात,
आणि भाडं म्हणून मालकाला साखर देतात.
उजेड कमी पडला की निघून जातात बिऱ्हाड उचलून.
मालक उरतो,
रिकाम्या खोलीला चुना मारल्यासारखा.

पहिल्या महिन्यात ते चालू लागलं.
हो, चालतं.
एका पायाचं जनावर, रात्रीतून चार बोटं,
दगडावरून काचेवर, काचेवरून वर,
झाकणातल्या त्या पिवळट ट्यूबकडे
अंग ताणून.
बत्तीस वर्षं मी विजेच्या खांबांवर चढलो.
इतक्या निकडीनं कधीच नाही.

मग दिवा आणला. निळा जास्त, पांढरा कमी.
किंमत कुंदाला अर्धी सांगितली.
"खिडकीत ठेवा ना," ती म्हणाली, "ऊन काय कमी आहे?"
नागपूरचं ऊन!
तासाभरात रस्सा होईल त्याचा.

आणि उपाशाला पहिल्याच दिवशी पंगतीला बसवत नाहीत,
आधी पेज देतात.
म्हणून दिवा दोरीनं टांगला, जुन्या पंख्याच्या हुकाला, उंच.
दर रविवारी एक गाठ सोडतो.
दिवा दोन बोटं खाली.
सात गाठी. वहीत तारखा लिहितो,
फीडरच्या लिहायचो तशा.

निळा उजेड समोरच्या भिंतीवर जातो रात्री.
वानखेडेबाईंनी गॅलरीतून विचारलं,
"खोब्रागडेभाऊ, कोणी बिमार हाय का घरी?
दवाखान्यावानी दिसून राहिलं."
नाही म्हणालो.

आज सत्तेचाळीस. दुपारी दीडला लाइट गेली.
कूलरचं पातं दोनदा फिरलं आपल्याच ओढीनं
आणि थांबलं.
पाण्यात सव्वीस, मग सत्तावीस.
बर्फाची बाटली सोडली पेटीत.
फूल मिटत गेलं,
दगडाच्या आडोशाला, मुठीएवढं.
सबस्टेशनचा नंबर बोटांना पाठ आहे अजून.
कुणी नवा पोरगा होता.
"काका, काम चालूच हाय. होऊनच राहिलं."

हे वाक्य माझं.
बत्तीस वर्षं, जसंच्या तसं.
कुणाच्या घरी काय मिटत होतं तेव्हा,
मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानं विचारलं.
"एवढी घाई काऊन? मशिनीवर हाय का कोणी?"
"लहान आहे एक घरात," मी म्हणालो.
फोन ठेवल्यावर कुंदा माझ्याकडे बघत राहिली,
मग ओला टॉवेल आणून तिनंच पेटीभोवती गुंडाळला.

चारला आली.
कोराडीला कोळसा जळतो. कोळसा म्हणजे जुनी पानं,
पानं म्हणजे त्याहून जुनं ऊन.
बाहेर एवढं ताजं सांडलेलं असताना
मी या जीवाला
शिळं ऊन गरम करून वाढतो.

सहाच्या सुमारास मूठ उघडली.
टोकांना रंग आहे थोडा,
दूध जास्त झालेल्या चहाचा असतो तेवढाच.
कुंदाला दिसत नाही म्हणते. मला दिसतो.

एरवी नऊला टायमर टक्क करतो,
अंधारही मोजूनच द्यावा लागतो.
आज काटा साडेअकरावर नेऊन ठेवला.
अडीच तास थकबाकी.
माझ्याकडून.