शिळं पाणी

इंगेगेर्डच्या न्हाणीघरात, नळाखाली,
टबाच्या पांढऱ्या इनॅमलवर
एक हिरवी-निळी जीभ उतरली आहे.
कित्येक वर्षं ती त्यावर लिंबू चोळत आली.
जीभ पुसट होते,
आठवड्याभरात पुन्हा बोलायला लागते.

स्मोलंडातलं घर. मागे स्प्रूसचं रान, खाली ग्रॅनाइट,
विहिरीचं पाणी इतकं मऊ
की साबण हातावरून सुटता सुटत नाही.
मऊ पाणी उपाशी असतं,
वाटेत जे भेटेल ते कुरतडत येतं,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
वाटेत हेल्गेचे तांब्याचे पाइप होते.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यानं ते स्वतः बसवले,
गुडघे टेकून, डाखाची तार दातांत धरून.
तळघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख घातली.
म्हणाला, हे माझ्यामागे राहील.
राहिलं.

या उन्हाळ्यात नात आली, तुवा.
थोरलीचे कापसासारखे केस
तीन आठवड्यांत शेवाळी दिसू लागले.
शेजारचा रूनार म्हणाला, जलपरी!
तुवा हसली नाही.
तिच्या मांडीवर धाकटं होतं, चार महिन्यांचं,
बाटली संपली की ओकणारं.

तपासणीची बाटली आली, सोबत चिठ्ठी:
रात्रभर नळ उघडू नका. पहाटेची पहिली धार भरा.
दोनच्या आत हवं होतं,
भरलं तीन पूर्णांक सहा.

"म्हणजे त्याचं काम कच्चं होतं?"
फोनवरची बाई थांबली.
"काम पक्कं आहे. पाणी आंबट आहे."

पितळेत ठेवलेलं ताक कळकतं,
तसं पाणी रात्रभर नळीत कळकत होतं,
आणि नळीला आतून कल्हई करता येत नाही.
उकळू का?
नको. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं.
गरम नळाचं तर पातेल्यात घेऊच नका.
बाळाला सध्या दुकानातलं पाणी द्या.

तेव्हापासून रोज पहाटे ती नळ सोडते,
शिळं पाणी बादलीत, फरशीसाठी,
मनगट धारेखाली,
विहिरीचा गारवा हाडाला लागेपर्यंत.

एकदाच, सगळी निजलेली असताना,
तिनं पहिल्या धारेचं अर्धं भांडं भरलं.
एक घोट.
हेल्गे ओठांत खिळे धरायचा,
त्यानंतरच्या मुक्यासारखी चव.
उरलेलं मोरीत ओतलं.

सप्टेंबरात तळघरात एक उभी टाकी आली,
पोटात चुनखडीचे खडे.
पाणी आता तिथे जेवून वर येतं,
पाइपांना फारसं तोंड लावत नाही.
पुढचा अहवाल: शून्य पूर्णांक चार.
खडे झिजतात, वर्षातून एकदा भर घालावी लागते.
विसरायला नको म्हणून
तिनं भिंतीवर तारीख लिहिली,
त्याच्या तारखेच्या खाली,
तीच बोथट पेन्सिल शोधून.