तीन नंबर

मानकापूर चौकात शिपायानं शिट्टी मारली,
खिडकीशी वाकून म्हणाला,
"बाई, कार आहे की कोराडीची चिमणी?"
मागे स्कूटीवरल्या दोन पोरींनी
तोंडावरचे दुपट्टे आणखी घट्ट केले.
आरशात मला मी आलेला रस्ता दिसत नव्हता.

वीस वर्षांची डिझेल इंडिका.
एक मेकॅनिक म्हणाला, इंजिन बांधा. दुसरा, विका.
सक्करदऱ्यातल्या म्हाताऱ्यानं बोनेटवर नुसतं थोपटलं,
मयतीत पाठीवर थोपटतात तसं.

गड्डीगोदामात, पुलाच्या सावलीत, इस्तारी मेश्राम.
त्यानं बोनेट उघडलंच नाही.
"कोनत्या टायमाले मारते? सकाळी सुरू करताना,
का रामझुल्याच्या चढावर?"
चढावर.
"तेल खाते?"
फारसं नाही.
"पानी?"
एप्रिलमध्ये नागपुरात पाणी कोण पीत नाही?

धुतलेला, घडीचा रुमाल काढून
त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी धरला.
"द्या रेस."
काळं उमटलं. बोटानं चोळलं त्यानं, हुंगलं.
दिव्याच्या काजळीसारखं कोरडं, तेलाचा चिकटा नाही.
"रिंगा शाबूत हायेत. बांधा नाही लागत इंजिन.
जेवन जास्त होऊन राह्यलं,
नाहीतर हवा कमी."

हवेचा डबा उघडला तर आत उंदराचा संसार.
सीटचा फोम, संत्र्याची वाळकी सालं,
तर्री-पोह्याच्या डागांचा पेपर,
आणि मी वर्षभर शोधत होते ती विम्याची पावती,
कुरतडून कापसासारखी मऊ केलेली.
हसलो आम्ही. पोरगं झाडू घेऊन आलं.
तरी धूर काळाच. जरा पातळ.

"मंग आता एकेकाले विचारू."
सतराचा पाना. इंजिन चालूच.
पहिल्या नोझलची नळी सैल केली तशी
गाडी लटपटली, हेडलाइटच्या काचा थरथरल्या.
आवळली. दुसरी सैल केली, तेच.
तिसरी सैल केली.
काहीच नाही.
तोच आवाज, तीच थरथर,
जणू तिसरा कधी नव्हताच.

आम्ही चार भावंडं. मी तिसरी.
हे इस्तारीला सांगायचं काही कारण नव्हतं.
दादाचं लग्न मोडलं तेव्हा घर हादरलं होतं,
धाकटा तर शिंकला तरी.
मी सहा वर्षं भंडाऱ्याला नोकरी करून परतले,
बॅग उंबऱ्यात,
तर आई म्हणाली, दार लोटून घे, डास येतात.

"याले डिझेल भेटते ना बराबर," इस्तारी सांगत होता,
"दुसऱ्याइतकंच पिते. पन जळत नाही,
नि धूर करते."

काढलेलं नोझल त्यानं हातपंपाला लावलं.
चांगलं असलं की कुरकुरते, म्हणाला,
धुक्यावानी फवारा मारते.
हे गळत होतं.
टोकाशी एक थेंब लोंबत राहिला,
पडावं की नाही ते ठरत नसल्यासारखा.

नवं टोक मोमिनपुऱ्यातून आलं, साडेआठशेचं.
मी घासाघीस केली नाही.
बसवून झाल्यावर त्यानं पाना
पुन्हा तिसऱ्यालाच लावला.
"पाहा आता."
नळी सैल झाली
आणि अख्खी गाडी अडखळली,
मडगार्डवरचा चहाचा ग्लास सरकत सरकत
कडेला आला, पोरानं झेलला.

"पुन्हा करा," मी म्हटलं.
"कावून? समजलं ना."
"एकदाच."

त्यानं केलं.

सकाळी थोडा निळा राहीन, पैसे मोजताना म्हणाला,
त्याले इलाज नाही, वय हाय ते.

रामझुल्याच्या चढावर मी पाय दाबला.
आरशात मागची बस आली,
तिच्या काचेवरच्या धुळीत
कुणीतरी बोटानं लिहिलेलं नावसुद्धा
मला उलटं, पण वाचता येत होतं.